मोडेमची हद्द, राउटरची हद्द: घरचं नेट स्वतः जोडण्यासाठी

‘नेट गेलं’ या दोन शब्दांत निदान चार निरनिराळे बिघाड लपलेले असतात. बाहेरची लाइन तुटली तरी नेट गेलं, राउटर अडकला तरी नेट गेलं, वाय-फाय आतल्या खोलीत पोचत नसलं तरी नेट गेलं आणि फोन जुनाच पासवर्ड धरून बसला असला तरीही नेटच गेलं. यातलं नेमकं काय घडलंय हे ओळखायचं तर एक गोष्ट पक्की माहीत हवी: मोडेमचं काम कुठे संपतं आणि राउटरचं कुठे सुरू होतं. ही हद्द एकदा कळली की जोडणीही सोपी होते आणि बिघाड शोधणंही.

गोंधळ व्हायला कारणही आहे. कंपनीने बसवून दिलेला डबा एकच दिसतो, पण त्याच्या पोटात बहुतेक वेळा चार यंत्रं असतात: मोडेम, राउटर, तीन-चार पोर्टचा (केबल लावायच्या खोबणींचा) स्विच आणि वाय-फाय देणारा ॲक्सेस पॉइंट. कुठे मोडेम वेगळा आणि राउटर वेगळा असतो. डबे एक असोत की दोन, कामांची वाटणी मात्र तीच राहते.

## मोडेम काय करतो

मोडेम हे नाव मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर या दोन शब्दांच्या सुरुवातींचं मिळून झालंय. कॉम्प्युटरची माहिती म्हणजे शून्य आणि एक यांची रांग. ती तशीच विजेच्या ठोक्यांनी काही किलोमीटर लांब तारेत सोडली तर ठोके वाटेत पसरतात, एकमेकांत मिसळतात आणि पलीकडे नुसता गोंगाट पोचतो. म्हणून मोडेम ती माहिती एका लहरीवर चढवतो: लहरीची उंची, वारंवारता किंवा कला (फेज) ठरावीक पद्धतीने बदलत जातो. पलीकडचा मोडेम ते बदल वाचून शून्य-एक परत काढतो.

लहर कोणती, हे तार ठरवते. जुन्या डायल-अप मोडेमला टेलिफोनचा आवाजाचा पट्टा, म्हणजे साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ, एवढाच वापरता यायचा. म्हणून तो सेकंदाला ५६ किलोबिटच्या पुढे गेला नाही. जोडताना येणारी ती किरकिर म्हणजे दोन मोडेम कोणत्या वेगाने बोलायचं हे आपसात ठरवत असल्याचा आवाज. डीएसएलने, म्हणजे टेलिफोनच्या लाइनवरच्या ब्रॉडबँडने, तीच तांब्याची जोडतार घेतली, पण आवाजाच्या वरचा पट्टा वापरला: एडीएसएल सुमारे १.१ मेगाहर्ट्झपर्यंत, एडीएसएल २ प्लस २.२ मेगाहर्ट्झपर्यंत. म्हणूनच त्या लाइनवरच्या प्रत्येक टेलिफोनच्या आधी छोटा फिल्टर लावावा लागतो. तो विसरलात तर फोनमध्ये खरखर येते आणि रिंग वाजली की नेट तुटतं. उंच वारंवारता तांब्यात लवकर विरते, त्यामुळे डीएसएलचा वेग एक्स्चेंजपासूनच्या अंतरावर अवलंबून असतो. एडीएसएल २ प्लसची कमाल २४ मेगाबिट ही एक्स्चेंजच्या जवळ राहणाऱ्यांसाठी. चार-पाच किलोमीटरवर त्यातलं थोडंच हाती लागतं, आणि कितीही महाग राउटर आणला तरी ते वाढत नाही.

केबल टीव्हीच्या लाइनवरचं नेट जाड गोल कोॲक्शियल तारेतून येतं. तिथे सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे वाटेत लावलेले स्प्लिटर. दोन फाटे करणारा प्रत्येक स्प्लिटर सिग्नलची निम्म्याहून जास्त ताकद खातो. तीन टीव्हींसाठी फाटे काढून उरलेल्या टोकाला मोडेम जोडला असेल, तर तो अधूनमधून तुटणारच. मोडेमसाठी पहिल्याच स्प्लिटरमधून सरळ फाटा घ्यावा.

फायबरमध्ये काचेच्या केसाएवढ्या धाग्यातून प्रकाश येतो. इथल्या डब्याचं खरं नाव ओएनटी, पण बोलताना त्यालाही मोडेमच म्हणतात आणि त्यात फारसं चुकत नाही, कारण काम तेच: प्रकाशाची माहिती विजेत आणि विजेची प्रकाशात. घरोघरी जास्त दिसणाऱ्या जीपॉन पद्धतीत एकाच धाग्यातून दोन रंगांचा प्रकाश धावतो. तुमच्याकडे येणारा १४९० नॅनोमीटरचा, तुमच्याकडून जाणारा १३१० नॅनोमीटरचा. दोन्ही डोळ्यांना न दिसणारे. वाटेत विजेविना चालणारा स्प्लिटर एका धाग्याचे बहुधा ३२ किंवा ६४ फाटे करतो. म्हणजे येणाऱ्या बाजूचे सुमारे २.५ गिगाबिट त्या सगळ्यांत वाटून जातात. जाणाऱ्या बाजूला प्रत्येक घराला बोलण्याची पाळी ठरवून दिलेली असते, नाहीतर सगळ्यांचे प्रकाश एकमेकांवर आदळतील.

फायबरच्या डब्यावरचे दोन दिवे वाचायला शिका, बाकीचे नंतर. ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा असेल तर डब्याची पलीकडच्या यंत्राशी नोंद झालेली आहे. लुकलुकत असेल तर नोंदणीचा प्रयत्न चाललाय. ‘लॉस’चा दिवा लाल झाला तर धाग्यातून प्रकाशच येत नाही: धागा तुटलाय, फार वाकलाय किंवा कनेक्टर सैल झालाय. यात राउटरचा काहीही संबंध नसतो, त्यामुळे लॉस लाल असताना वाय-फायचा पासवर्ड बदलत बसण्यात अर्थ नाही. डब्याच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएम या एककात दिसते. तो आकडा उणे असतो, आणि जितका जास्त उणे तितका प्रकाश मंद. साधारण उणे १५ ते उणे २५ ठीक. उणे २७ च्या पलीकडे गेला की नेट येईल-जाईल असं वागू लागतं.

एवढं सगळं करून मोडेम घराला काय देतो? एक जोडणी आणि बहुधा एकच पत्ता. घरात किती फोन आहेत, कोण व्हिडिओ पाहतंय, कोणाचा प्रिंटर आहे, याची त्याला खबरही नसते. नुसत्या मोडेमला थेट एक लॅपटॉप जोडला तर चालतो, दुसरा जोडायला गेलात तर त्याला बहुधा पत्ताच मिळत नाही. इथे मोडेमची हद्द संपते.

## राउटर काय करतो

राउटर दोन जाळ्यांच्या मध्ये उभा असतो: एक घरातलं, एक बाहेरचं. माहिती छोट्या पाकिटांत फिरते आणि प्रत्येक पाकिटावर कुठून आलं आणि कुठे जायचं हे लिहिलेलं असतं. फोनकडून टीव्हीकडे जाणारं पाकीट घरातल्या घरात, स्विच किंवा ॲक्सेस पॉइंटमार्फत पोचतं. पत्ता बाहेरचा असला की ते राउटरकडे येतं आणि राउटर ते मोडेमकडे ढकलतो. मोठ्या कंपन्यांच्या राउटरमध्ये लाखो मार्गांचा तक्ता असतो. घरच्या राउटरचा तक्ता जेमतेम दोन-तीन ओळींचा: ‘हे घरातलं, बाकी सगळं बाहेर.’

मात्र घरचा राउटर याखेरीज तीन कामं करतो, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ या तिघांतच सापडतं.

पहिलं काम पत्ते वाटण्याचं. त्याला डीएचसीपी म्हणतात. फोन वाय-फायला जोडला गेला की तो सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो, ‘मला पत्ता देणारं कोणी आहे का?’ राउटर त्याला चार गोष्टी देतो: पत्ता, घरातले पत्ते कोणते हे सांगणारा मास्क, बाहेर जाण्याचं दार म्हणजे गेटवे, आणि नावांचे पत्ते सांगणारा डीएनएस सर्व्हर. हे सगळं ठरावीक मुदतीच्या बोलीवर असतं, बऱ्याच राउटरमध्ये २४ तासांच्या. कॉम्प्युटरला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजा की विचारणा झाली पण उत्तर आलं नाही, आणि त्याने स्वतःच एक पत्ता धरला. अशा वेळी बाहेरच्या लाइनवर संशय घेऊ नका. दोष कॉम्प्युटर आणि राउटर यांच्या मधल्या टप्प्यात आहे.

दुसरं काम नॅट. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपी आवृत्ती ४ चे, पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. ही टंचाई आधीच दिसत होती, म्हणून घरात वापरायला काही पत्ते राखून ठेवलेत: १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे. हे पत्ते घरोघरी तेच असतात आणि बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत. राउटर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावरचा घरचा पत्ता खोडून तिथे मोडेमकडून मिळालेला एकमेव पत्ता लिहितो आणि वहीत नोंद ठेवतो. समजा फोनचा पत्ता १९२.१६८.१.२३ आणि पोर्ट ५१००० (हा पोर्ट म्हणजे केबलची खोबण नव्हे, पाकीट उपकरणावरच्या कोणत्या कामाचं हे सांगणारा क्रमांक). राउटर बाहेर स्वतःच्या पत्त्याने पोर्ट ४००१२ वापरतो. पोर्ट ४००१२ वर उत्तर आलं की वही बघून ते फोनकडे पाठवतो.

या वहीचा एक परिणाम नीट समजून घ्या. बाहेरून आपणहून आलेल्या पाकिटाची वहीत नोंद नसते, म्हणून राउटर ते टाकून देतो. त्यामुळे घराला थोडं संरक्षण मिळतं. त्याचमुळे घरचा कॅमेरा बाहेरून थेट उघडत नाही. त्यासाठी ‘अमुक पोर्टवर आलेलं अमुक पत्त्याला दे’ अशी कायमची नोंद करावी लागते. त्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. सगळं बरोबर करूनही ते चालत नसेल तर राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा, म्हणजे वॅनचा, पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर कंपनीनेही तिच्या बाजूला नॅट लावलंय. तुमची वही कितीही नीट लिहिली तरी वरच्या वहीवर तुमचा ताबा नाही. कंपनीकडून सार्वजनिक पत्ता मागणं किंवा आयपी आवृत्ती ६ वापरणं हेच मार्ग. आवृत्ती ६ मध्ये पत्त्यांची टंचाई नाही, प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता मिळतो आणि नॅटची गरज उरत नाही. त्यामुळे तिथे राउटरची फायरवॉल, म्हणजे न मागता आलेली पाकिटं अडवणारी सोय, चालू असणं अत्यावश्यक ठरतं.

तिसरं काम डीएनएसचं. माणूस संकेतस्थळाचं नाव टाकतो, पाकिटाला आकडी पत्ता लागतो. राउटर ही विचारणा कंपनीच्या किंवा दुसऱ्या कुठल्या डीएनएस सर्व्हरकडे पोचवतो. हा सर्व्हर बसला की आधीपासून चालू असलेला कॉल सुरू राहतो पण नवी पानं उघडत नाहीत. ही खूण लक्षात ठेवा.

## जोडणी, क्रमाने

मोडेम आणि राउटर वेगळे आहेत असं धरून चालू. एकच डबा असेल तर पाचवी पायरी गाळा.

१. हाती काही घेण्याआधी कंपनीकडून तीन गोष्टी लिहून घ्या: जोडणीचा प्रकार (पीपीपीओई म्हणजे युजरनेम-पासवर्डने लॉगिन करायची पद्धत, आपोआप पत्ता किंवा स्थिर पत्ता), पीपीपीओई असेल तर युजरनेम व पासवर्ड, आणि लागत असेल तर व्हीलॅन क्रमांक (एकाच लाइनवरची वेगवेगळी वाहतूक ओळखायचा क्रमांक). दोन्ही डब्यांच्या खालच्या स्टिकरचा फोटो काढा. डबा भिंतीवर लागल्यावर ते स्टिकर कोणालाच वाचता येत नाही.

२. लाइन मोडेमला जोडा. फायबरचा हिरवा कनेक्टर हिरव्याच सॉकेटमध्ये घाला. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोघांची भेसळ केली तर प्रकाश वाया जातो. टोकाला बोट लावू नका, त्यात डोकावून पाहू नका, आणि जास्तीचा धागा गुंडाळताना वेटोळं निदान ६ सेंटिमीटर व्यासाचं ठेवा. केसांच्या पिनेसारखा वाकवलेला धागा बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतला प्रकाश तिथेच निसटतो.

३. मोडेमला त्याचाच ॲडॉप्टर लावा. पिन बसते म्हणून दुसरा लावायचा नाही. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. १२ व्होल्ट १ अँपिअरच्या जागी १२ व्होल्ट ०.५ अँपिअरचा लावला तर दिवे नीट लागतात, पण वापर वाढला की डबा स्वतःहून बंद-चालू होतो. जुना झालेला ॲडॉप्टरही असाच छळतो, आणि लोक राउटर बदलून पाहतात.

४. दोन ते पाच मिनिटं थांबा. पॉनचा किंवा डीएसएलचा दिवा स्थिर होईपर्यंत पुढे जाऊ नका.

५. मोडेमच्या लॅन, म्हणजे घरच्या बाजूच्या, पोर्टातून नेटवर्कची केबल राउटरच्या वॅन किंवा इंटरनेट लिहिलेल्या पोर्टात लावा. हा पोर्ट बहुधा वेगळ्या रंगाचा किंवा थोडा बाजूला असतो. नवखे लोक इथेच सर्वात जास्त चुकतात: केबल लॅन पोर्टात जाते, वाय-फाय झकास दिसतं आणि नेट येत नाही. राउटर चालू करा.

६. लॅपटॉप राउटरच्या लॅन पोर्टाला केबलने जोडा. पहिलं सेटिंग वाय-फायवरून करू नये, कारण नाव-पासवर्ड बदलताक्षणी तुम्हीच बाहेर फेकले जाता. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत स्टिकरवरचा पत्ता टाका, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. इथे तो देवनागरीत छापलाय, टाइप करताना इंग्रजी आकडे वापरा. पान उघडलं नाही तर लॅपटॉपच्या नेटवर्क माहितीत गेटवे म्हणून जो पत्ता दिसतो तो टाका.

७. सगळ्यात आधी ॲडमिनचा पासवर्ड बदला. वाय-फायचा पासवर्ड हा पाहुण्याला सांगायचा असतो, ॲडमिनचा कोणालाच नाही. दोन्ही एकच ठेवू नका.

८. वॅनच्या पानावर जोडणीचा प्रकार निवडून माहिती भरा. पीपीपीओईमध्ये प्रत्येक पाकिटातले ८ बाइट त्या पद्धतीच्या मथळ्याला (हेडरला) जातात, म्हणून एमटीयू, म्हणजे पाकिटाची कमाल लांबी, १५०० ऐवजी १४९२ असतो. बहुतेक राउटर तो स्वतः लावतात. काही संकेतस्थळं सुरळीत उघडतात आणि काही अर्धवट लटकतात, असं दिसलं तर पहिला संशय याच आकड्यावर घ्या.

९. वाय-फायचं नाव ठेवा, सुरक्षा डब्ल्यूपीए ३ किंवा डब्ल्यूपीए २ निवडा. डब्ल्यूईपी कधीच मोडीत निघालंय, ते काही मिनिटांत फुटतं. डब्ल्यूपीएस हे बटणाने जोडायचं सोयीचं साधन बंद केलेलं बरं. त्याच्या ८ आकडी पिनमधला दोष २०११ मध्येच उघड झाला. पासवर्ड निदान बारा अक्षरांचा असू द्या.

१०. बाहेरून राउटर चालवण्याची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, बंद असल्याची खात्री करा, फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) ताजं करा आणि सेटिंगची प्रत लॅपटॉपवर उतरवून ठेवा. फर्मवेअर चढत असताना वीज गेली तर डबा कायमचा निकामी होऊ शकतो, तेव्हा ती पाच मिनिटं हात लावू नका.

जुन्या राउटरच्या जागी नवा लावल्यावर वॅनला पत्ताच मिळत नाही, असंही होतं. केबलचे काही मोडेम आणि काही कंपन्या पहिल्यांदा जोडलेल्या उपकरणाचा मॅक क्रमांक (कारखान्यातूनच मिळालेला ओळख क्रमांक) लक्षात ठेवतात. मोडेम दोन-तीन मिनिटं पूर्ण बंद ठेवून चालू करा. तरीही नाही आलं तर नव्या राउटरमध्ये ‘मॅक क्लोन’ने जुन्याचा क्रमांक भरा किंवा कंपनीला नवा नोंदवायला सांगा.

## एका घरात दोन राउटर

वेग कमी वाटतो म्हणून लोक दुसरा राउटर आणतात आणि कंपनीच्या डब्याला जोडून देतात. चालतं, पण आता नॅटच्या दोन वह्या झाल्या. पानं उघडतात, व्हिडिओ चालतात. ऑनलाइन खेळ, कॅमेरे आणि पोर्ट फॉरवर्डिंग मात्र अडखळतात. त्यात दोन्ही राउटर घरात १९२.१६८.१ चेच पत्ते वाटत असतील तर आतल्या राउटरला आत कुठलं आणि बाहेर कुठलं हेच कळेनासं होतं. काही राउटर स्वतःहून पत्ता बदलतात, काही गप्प बसतात.

यातून सुटायचे दोन मार्ग आहेत. कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकायचा, म्हणजे तो फक्त मोडेम उरतो आणि राउटरचं सगळं काम तुमच्या यंत्राकडे येतं. पीपीपीओईचं युजरनेम मग तुमच्या राउटरमध्ये भरावं लागतं. किंवा उलट, कंपनीच्या डब्याला राउटर राहू द्यायचं आणि तुमच्या राउटरला नुसता ॲक्सेस पॉइंट करायचं. तशी सोय मेनूत असेल तर एका क्लिकचं काम. नसेल तर दुसऱ्या राउटरचा घरचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (पहिल्याचा १९२.१६८.१.१ असेल तर), त्याची डीएचसीपी बंद करा आणि पहिल्याकडून येणारी केबल त्याच्या वॅनमध्ये न लावता लॅन पोर्टात लावा. नवख्याला आम्ही दुसरा मार्ग सुचवू. ब्रिज मोडमध्ये काही बिघडलं की कंपनीचा माणूस ‘तुमचा राउटर बघा’ म्हणून मोकळा होतो.

डीएचसीपी बंद करायला विसरलात तर बिघाड फार फसवा असतो. दोन्ही राउटर पत्ते वाटतात. ज्या उपकरणाला दुसऱ्याकडून पत्ता मिळाला त्याचं नेट बंद, ज्याला पहिल्याकडून मिळाला त्याचं चालू, आणि दुसऱ्या दिवशी नेमकं उलट. ‘कधी चालतं, कधी नाही’ ही तक्रार ऐकली की आधी गेटवेचा पत्ता तपासा.

आणखी एक अपघात: मोकळी लोंबणारी केबल पाहून कोणीतरी तिचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये खुपसतं. पाकिटं गोल फिरत राहतात, वाढत जातात, सगळे दिवे एकदम जोरात लुकलुकतात आणि अख्खं घर ठप्प होतं. केबल उपसली की काही सेकंदांत सगळं शांत.

## वाय-फायची जागा आणि चॅनेल

लाइन घरात जिथे शिरते तिथेच राउटर ठेवायचा, हा सोयीचा पण बहुधा चुकीचा निर्णय. मोडेम तिथेच राहू द्या, राउटर मात्र केबल ओढून घराच्या मध्याकडे आणा. कॅट ५ई केबलवर १ गिगाबिट १०० मीटरपर्यंत जातं, तेव्हा दहा-पंधरा मीटरच्या केबलने काही बिघडत नाही. जमिनीपासून पाच-सहा फूट उंच, मोकळ्यावर. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी आणि काँक्रीटची भिंत हे सिग्नलचे वैरी. अँटेना उभ्या ठेवा: लहर अँटेनाच्या टोकातून निघत नाही, तिच्या कडेने मेदूवड्याच्या कड्यासारखी पसरते. अँटेना आपल्याकडे बोटासारखी रोखली तर उलट कमी मिळतं.

२.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून जास्त जातं, पण त्या पट्ट्यात गर्दी फार. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि ब्लूटूथही तिथेच. चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एक निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ३ किंवा ४ निवडून शहाणपणा केलात तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा गोंगाट तुमच्या वाट्याला येतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण एक-दोन भिंतींत थकतं. त्यातल्या काही चॅनेलवर रडार तर नाही ना हे राउटरला आधी तपासावं लागतं, म्हणून चालू केल्यावर मिनिटभर ५ चं नाव दिसत नाही. तेवढ्यात रीसेट करू नका. स्मार्ट बल्ब आणि प्लग यांतले बरेच फक्त २.४ वर चालतात. ते जोडले जात नसतील तर तेवढ्यापुरतं ५ बंद करून पाहा.

रिपीटर तेच चॅनेल ऐकायला आणि परत बोलायला वापरत असेल तर वेग साधारण निम्मा होतो. शिवाय तो सिग्नल मरतो त्या खोलीत ठेवून उपयोग नाही, राउटर आणि त्या खोलीच्या मधोमध ठेवावा. केबल ओढणं शक्य असेल तर ॲक्सेस पॉइंटच लावा.

## बिघाड शोधताना

घरातून बाहेरच्या दिशेने, एक-एक टप्पा. लॅपटॉपवर कमांडची खिडकी उघडून पिंग द्या, म्हणजे पत्त्याला छोटं पाकीट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहा.

आधी राउटरच्या पत्त्याला. उत्तर नाही आलं तर दोष केबल, वाय-फाय किंवा राउटरमध्ये. उत्तर आलं पण वेळ २०० मिलिसेकंद, ५, ३४० अशी उड्या मारतेय, तर वाय-फाय कमजोर. केबल लावून हीच चाचणी परत करा.

मग बाहेरच्या आकडी पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८. राउटर उत्तर देतोय पण हा देत नाही, तर राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता पाहा. तो ०.०.०.० असेल आणि मोडेमचे दिवे ठीक असतील तर पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड किंवा मधली केबल तपासा. मोडेमचा दिवाच गेला असेल तर काम कंपनीचं.

मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. आकड्याला उत्तर येतं, नावाला नाही, म्हणजे डीएनएस. राउटरमध्ये दुसरा डीएनएस सर्व्हर भरला की बहुधा मिटतं.

बंद-चालू करायचंच असेल तर दोन्ही बंद करा, मोडेम आधी चालू करा, त्याचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर. दोन्ही एकदम चालू केले तर मोडेम तयार होण्याआधीच राउटर पत्ता मागून थकतो. आणि बंद-चालू करणं वेगळं, मागच्या बारीक भोकात टाचणी दहा सेकंद दाबून रीसेट करणं वेगळं. रीसेटने पीपीपीओईचं नाव, व्हीलॅन, वाय-फाय सगळं पुसलं जातं. पहिल्या पायरीतला कागद हाताशी नसेल तर त्या भोकाच्या वाटेला जाऊ नका.

वेगाची तक्रार करण्याआधी दोन हिशेब करा. कंपनी मेगाबिट सांगते, डाउनलोडची खिडकी बहुधा मेगाबाइट दाखवते. १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट, तोही मथळ्यांचा भार धरण्याआधीचा. दुसरं, केबलवर वेग नेमका ९४-९५ मेगाबिटवर अडतोय का पाहा. तसं असेल तर वाटेतला कुठलातरी पोर्ट १०० मेगाबिटचा आहे किंवा केबलच्या आठपैकी एखादी तार तुटलीय. १०० मेगाबिटला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. म्हणून तुटकी केबल बंद न पडता गुपचूप दहापट हळू होते.

कंपनीला फोन कराल तेव्हा ‘नेट चालत नाही’ म्हणू नका. ‘पॉन स्थिर आहे, येणारा प्रकाश उणे २१, केबलने जोडलेल्या लॅपटॉपवरून राउटरला पिंग जातोय, वॅनचा पत्ता ०.०.०.० आहे’ असं सांगा. समोरचा मग ‘राउटर बंद-चालू करा’ न म्हणता तुमचं पीपीपीओई खातं उघडून बघतो.